अंजनीच्या पानावरचा नर कोळी

प्रिय मालू,

आज संध्याकाळी मंगळवार पेठेत तुझ्या आईकडं जाऊन आले. चार वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट काकूंना सांगितली. घरी आले, चहा ठेवला आणि वाटलं, हे आधी तुला सांगायला हवं होतं. तू वाचणार नाहीस हे ठाऊक आहे. खरं तर म्हणूनच लिहायचं धाडस होतंय.

मला तुझा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला म्हणू? तू जाऊन आठ महिने झाले तरी वाटतोच. शोकसभेत आपल्या प्राणिशास्त्र विभागाचे सर म्हणाले, "मालतीसारखी नजर पुन्हा होणे नाही." मी तिसऱ्या रांगेत डोळे पुसत होते आणि मनात म्हणत होते, आणि मी? शेजारच्या टेबलावर बसून मीही इतकी वर्षं कोळीच बघितले ना?

आपले कोळी म्हणजे भिंतीवर जाळं विणणारे नव्हेत, हे लोकांना समजावण्यातच आपलं निम्मं आयुष्य गेलं. मातीत आणि पानांच्या मागं राहणारे, टाचणीच्या टोकाएवढे, आठ पायांचे जीव, इंग्रजीत माइट. तू राधानगरीची माती आणून नरसाळ्यावरच्या चाळणीत पसरायचीस, वर दिवा लावायचीस. उष्णतेला भिऊन ते खाली सरकत बाटलीत पडले की कोण कुठल्या कुळातला हे तू भिंगाखाली बघत बघत सांगायचीस. मला त्याच गोष्टीसाठी पुस्तक उघडावं लागायचं.

शिरोळचे बापूसाहेब वांग्याचा पाला घेऊन आलते, आठवतं? पानं पांढुरकी पडलेली. मी बघितलं आणि म्हटलं, फुलकिडे आहेत, फवारणी करा. औषधाचं नावसुद्धा लिहून दिलं. तू सहज पान उलटं केलंस.

"शैले, पाय मोज की. आठ हायत. कोळी हाय ह्यो. बापूसाहेब, ते औषध मारू नका. कोळ्याला खाणारे मित्रकिडे मरतील आणि कोळी वाढंल."

तू बरोबर होतीस. त्यांचं पीक वाचलं. पण त्यानंतर ते दारात उभे राहून मला विचारायचे, "मालतीताई न्हाईत का? मग उद्या येतो." माझ्यासमोर! सगळ्यांसमोर चूक काढायच्या आधी मला एकदा बाजूला बोलवायला काय हरकत होती गं?

मग तुला राधानगरीच्या जंगलात अंजनीच्या झाडांच्या पानांवर तो नवा कोळी मिळाला. कुठल्याच यादीत न बसणारा. पण मिळाल्या त्या सगळ्या माद्या. आणि ह्या कोळ्यांची जात ठरते ती नराच्या जननेंद्रियाच्या बाकावरून, म्हणजे वळणावरून. नर नाही तर नवी प्रजाती नाही. तू पाच वेळा गेलीस, जळवांकडून पाय चावून घेतलेस, हात हलवत परत आलीस.

मी एकदाच गेले, विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर. येताना अंजनीच्या चार फांद्या आणल्या. तिसऱ्या पानावर नर होता. एकच.

मी त्याला स्लाइडवर कुशीवर निजवला. तो बाक अगदी स्पष्ट दिसला. लेबल लावलं, तारीख घातली, आणि स्लाइड घरी आणून कपाटात ठेवली. स्वतःशी म्हटलं, उद्या देऊ.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "तुझ्या पानांत एखादा नर घावला का गं?"

मी म्हटलं, "नाही."

त्यानंतर तीन वर्षं रोज उद्या देऊ म्हणत राहिले. एका दुपारी तू टेबलावर डोकं टेकलंस. डोक्यात रक्तस्राव झाला, म्हणाले डॉक्टर. उद्या संपला.

गेल्या महिन्यात मी स्लाइड विभागात नेली. सर खूश झाले. कधी मिळाला, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. म्हणाले, "ह्या प्रजातीला मालतीचं नाव देऊ." सगळ्यांना पटलं. मला जास्तच पटलं. कारण तू ओळखलंस ना? कोळी तुझ्या नावाचा झाला असता, पण त्या शास्त्रीय नावाच्या मागं, निबंध लिहून नाव देणारी म्हणून, कायमचं माझं नाव लागलं असतं. चार दिवस मी त्या आनंदात होते.

मग त्या शोधनिबंधासाठी तुझी वही उघडली. मादीचं वर्णन पूर्ण, चित्रं पूर्ण, वर प्रजातीचं नावही लिहून ठेवलेलं. पुढच्या पानावर मथळा, 'नर'. खाली एकच ओळ: 'शैलाच्या नमुन्यांतही नर नाही.'

तुझ्या अख्ख्या वहीत तेवढी एकच गोष्ट चुकीची आहे मालू. मी बोलले म्हणून तू ती तपासली नाहीस.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "द्यायला काय झालंतं गं तुला?" मग त्याच म्हणाल्या, "ती म्हणायची, शैलासारखा हात पायजे व्हता मला. माझ्या स्लाइडीत बुडबुडंच येत्यात."

हे तू मला कधीच का नाही सांगितलंस? एकदा जरी म्हणाली असतीस! की मी तेव्हाही ती स्लाइड दिली नसती?

हेवा गेलाय असं खोटं लिहीत नाही. आज निबंधावर तुझं नाव घालताना बोटं थांबलीच. पण तुला शब्द देते. सोमवारी निबंध पाठवीन. प्रजातीचं नाव तू वहीत लिहिलंयस तेच, आणि नाव देणारी म्हणून तू एकटी. नर सापडल्याची तारीख लेबलावर आहे तीच छापायला जाईल. सरांनी विचारलं, इतकी वर्षं कुठं होता हा, तर सांगेन, माझ्या कपाटात.

तुझ्या शेजारच्या टेबलावरची,
शैला