जो शब्द तक्रारीत नव्हता

माय, तू मला एकदाच मारलंस. मी शाळेतून एक शब्द घेऊन आले होते. आपल्या जातीचं नाव, गावाने शिवी करून ठेवलेलं. तू चुलीपाशी बसली होतीस. मी तो शब्द गंमत म्हणून उच्चारला आणि तू हातातली फुकणी माझ्या तोंडावर मारलीस. ओठ फाटला. पदराने रक्त पुसताना म्हणालीस, "गावाच्या तोंडाले मी झाकण नाही लावू शकत. पण माह्या घरात हा शब्द येनार नाही." आला नाही. भावाचं लग्न झालं तेव्हा तुझ्या सुनेलाही तू पहिल्याच आठवड्यात ताकीद दिलीस. तू गेलीस, नियम राहिला. मी गावोगावी सभा गाजवते, धर्मग्रंथांचे आणि सरकारांचे वाभाडे काढते. पण तो शब्द माझ्याही जिभेवर पुन्हा कधी आला नाही.

त्या नियमाचं पुढे काय झालं ते सांगायचं आहे. तलावाच्या पाण्याची पाळी आपल्या धानाच्या बांधीची होती, म्हणून भावाने पाट उघडला. वरच्या बांधीवाल्याचा मुलगा धावत आला, सोबत दोघे. बांधाच्या पारीवर चारजण उभे होते, त्यांच्यादेखत तो शब्द उच्चारून म्हणाला, "तुमचं पानी पहिले? कवापासून?" भाऊ म्हणाला, "पाळी माही हाय, दादा. पाहून घे." दोघांनी त्याचे हात धरले आणि त्याने फावड्याचा दांडा भावाच्या तोंडावर घातला. पडल्यावर पुन्हा घातला. शिदोरी घेऊन आलेली तुझी सून ओरडत राहिली. नंतर चिखलात हात घालून तिने त्याचे दात शोधले.

मी परगावी सभेत होते. दवाखान्यात भावाचा जबडा तारांनी बांधत होते, तेव्हा ती एकटीच ठाण्यात गेली. हवालदाराने विचारलं, "नेमकं काय बोलला?" ती म्हणाली, "जातीवरून बोलला." "पण काय?" "तुमाले ठाऊक हाय ना जी." त्याने 'जातीवाचक शिवीगाळ' एवढंच लिहिलं. मी आल्यावर तिला पुन्हा ठाण्यात नेलं आणि पुरवणी जबाबात तो शब्द आला. पण तोवर चार दिवस गेले होते.

जातीय अत्याचाराच्या या कायद्यात अटकपूर्व जामीन नाही, असं मी व्यासपीठावरून ठणकावून सांगत आले. पण तक्रार वाचून हा गुन्हाच दिसत नसेल, तर ती मनाई लागू होत नाही. खालच्या कोर्टाने नेमकं तेच धरलं. तक्रारीत शब्द नाही, जबाब मागाहून सुचलेला, वाद पाण्याचा. त्याला अटकपूर्व जामीन दिला. तुझ्या सुनेला नोटीस नाही, तिला कोणी ऐकलं नाही. तोवर लपून राहिलेला तो गावात परतला आणि त्याच आठवड्यात आपली गुरांसाठी रचलेली तनसाची गंजी पेटली. पानठेल्यावर तो हसत म्हणाला, "यंदा तोंड. पुढच्या खेपेला गळा." भाऊ बांधीवर जाईना. धानात गवत माजलं. पारीवरच्या चौघांपैकी दोघे आमच्याकडे पाहीनासे झाले.

आम्ही नागपूरला अपील केलं. आरोपीचा वकील म्हणाला, ऐकलेला शब्द आठवायला चार दिवस लागतात? न्यायमूर्तींनी तुझ्या सुनेला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे? मी उठणार होते. तिने माझ्या मांडीवर हात दाबून मला बसवलं. उभी राहून म्हणाली, "आठवाले नाही लागले साहेब. बोलाले लागले. सासूनं घरात बंदी केली होती." मग पदर सावरून तिने तो शब्द जसाच्या तसा, त्याच सुरात उच्चारला. नंतर बाहेर जाऊन ती ओकली.

निकालात लिहिलं होतं की भांडण पाण्याचं असलं म्हणून त्यातली जात वजा होत नाही. तक्रार म्हणजे सगळा पुरावा नव्हे, बघणाऱ्यांचे जबाबही वाचायचे असतात, आणि पीडितांची बाजू न ऐकता दिलेला जामीन टिकणार नाही. तो आदेश रद्द झाला. भाऊ तारांतून म्हणाला, "ताई, उद्या निंदाले जातो." त्याला तेवढंच हवं होतं.

मला तेवढं पुरलं नाही, माय. सूड नको, न्याय हवा, हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की लोक माझ्याआधी ते पुरं करतात. हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून लिहिते. पोलीस त्या बांधीवाल्याच्या मुलाला गाडीत चढवत होते, तेव्हा मी शेजारीच उभी होते. तो घाबरून ओठ चावत होता. आणि मी त्याच्या गालाचं हाड निरखत होते, कुठे मारलं की तुटेल ते.