दोन वर्षे की पाच

सोमवार, ४ मार्च
नातीला दोन विद्यापीठांतून बोलावणे आले! एकीकडे संगणकशास्त्रातील दोन वर्षांचे एम.एस., दुसरीकडे पाच वर्षांची पीएच.डी. दोन्ही परक्या शहरी. उत्तर रविवारपर्यंत कळवायचे आहे. यात विचार कसला करायचा? ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना घरात विद्यावाचस्पती पाहायला मिळणार!

नात म्हणते, "आजोबा, मला कंपनीत काम करायचंय. त्याला दोन वर्षं पुरतात."

पुरतात! विद्या म्हणजे काय पडद्याचे कापड आहे?

मंगळवार, ५ मार्च
तिने शांतपणे समजावले. कंपन्यांना बहुतेक माणसे हवीत ती यंत्रणा उभी करणारी. नवे शोधणारी थोडी, आणि त्या थोड्यांकडेच पीएच.डी. मागतात. शिवाय पीएच.डी. मध्येच सोडली, तर पुष्कळ ठिकाणी एम.एस. देऊन पाठवणी करतात म्हणे. मी सुन्न झालो. आमच्या पाठशाळेत भाष्य अर्धवट सोडणाऱ्याला गुरुजी छत्री देत — त्याचीच — आणि दार दाखवीत.

बुधवार, ६ मार्च
ही म्हणाली, पोरीमागची भुणभुण पुरे. भुणभुण! मी फक्त चारदा विषय काढला. त्यातही एकदाच न्हाणीघराच्या दाराबाहेरून.

शनिवार, ९ मार्च
आज सभा भरवली. शास्त्रार्थाचा नियम मीच घातला: आधी प्रतिपक्षाचे म्हणणे आपण मांडावे, आणि तेही इतके चोख की त्याने मान डोलवावी. मगच खंडन. म्हणजे मी एम.एस.च्या बाजूने बोलायचे, नातीने पीएच.डी.च्या. डाव हा, की बोलता बोलता तिचे तिलाच पटेल. मध्यस्थ सूनबाई, मांडीवर निवडायची भाजी.

मी म्हणालो, हे शास्त्र सारखे कूस पालटते. पाच वर्षे एका कोपऱ्यात बसून उठावे, तर कोपराच जागेवर नसायचा. यंत्रणा उभारायला माणूस कामावरच शिकतो. आणि पुढे ओढ राहिलीच, तर पीएच.डी. कुठे पळून जाते? सूनबाईचे हात थांबले. नातीने मान डोलावली. दुर्दैवाने मीही!

मग नात उभी राहिली. "यंत्रणा उभ्या करणारे खूप आहेत. त्या चुकतात तेव्हा का चुकतात, ते मला शोधायचंय. ते कामही कंपनीतच आहे, पण तिथं दारातच पदवी विचारतात." एवढे बोलून ती थबकली, आणि हळूच खाली बसली.

खंडनाला कोणीच उठेना. सूनबाईने निकाल दिला: "भांडण होतं तिथंच आहे. फक्त माणसं उलटी बसलीत."

रविवार, १० मार्च
सकाळपासून मी एम.एस.चे गुण गातो आहे. ही म्हणाली, "कालपर्यंत तर तुम्हाला पाच वर्षंसुद्धा थोडी वाटत होती!" संध्याकाळी नातीने पीएच.डी.ला होकार कळवला आणि पाया पडायला आली. तोंड भरून आशीर्वाद दिला. चष्मा पुसण्यात बराच वेळ गेला.

सोमवार, ११ मार्च
पूजेत देवाकडे कधी काही मागू नये, असेच शिकलो, असेच जन्मभर शिकवले.

आज मागितले. पाच वर्षे.