आपलं घरही यादीत

दादा,

इमारतीला इंटरनेट तू पुरवतोस. संध्याकाळी सगळ्यांचं रखडतं आणि तू आपल्या घरी स्पीड बघून लोकांनाच सुनावतोस, "इथे तर पळतंय, तुमचाच फोन जुना." आज मी राउटरची सेटिंग उघडली. प्रत्येक घराला वेगाची मर्यादा आहे, फक्त आपल्याला नाही. मग पळणारच की! तुझे सिनेमे धडाधड उतरतात आणि वरच्या शिकवणीवाल्या बाईंचा वर्ग मधेच बंद पडतो.

आपलं घरही मी मर्यादेत टाकलंय. पासवर्ड बदललाय. कितीही आदळआपट कर, सांगणार नाही. आत्ता बाईंची माफी मागायला वर गेलेय.

तुला तक्रार करायची असेल तर दाराजवळच्या वहीत लिही. तू ती कधी उघडलीच नाहीस म्हणून सांगते, तुझ्याआधी अकरा जण आहेत.

धाकटी