दोन्हीकडे आउट

प्रिय दादा,

दोन यंत्रं वायरीनं जोडली की त्यांच्यात आधी कोण बोलतं? गेल्या आठवड्यात बाबांनी मला हे विचारलं आणि मला काही उत्तर देता आलं नाही. घरातली पहिली पदवीधर खरी, पण पदवी इतिहासाची. बाबांच्या मते मात्र शिकलेल्या माणसाला सगळं यायला हवं, गळका नळ धरून.

झालं असं, की शिवता शिवता ते मशीन थांबवून म्हणाले, "तुझ्या भावानं उचकटून ठेवलंय ना, तेवढं जोडून दे. मुक्यानं शिवायचा कंटाळा आला." टेपला ब्लूटूथ बसवायचं म्हणून तू सगळं सुटं केलंस, ते म्हणाले "मला विचारलंस?", तू म्हणालास "तुम्ही ऐकता कधी?", आणि जोडायचं तसंच टाकून तू परगावच्या नोकरीवर निघून गेलास. तेव्हापासून तुमच्या दोघांत शब्द नाही आणि घरात गाणं नाही. टेपडेक कपाटावर, अ‍ॅम्प्लिफायर पलंगाखाली, आणि स्पीकरवर आई इस्त्रीचे कपडे रचते.

मी सगळं पुसून टेबलावर मांडलं, तेव्हाच त्यांनी तो 'आधी कोण बोलतं' प्रश्न टाकला. लाल पिन उजवी, पांढरी डावी, इतपत मलाही ठाऊक होतं. दिवे लागले, कॅसेट फिरायला लागली, आवाज मात्र नाही. वायरी हलवल्या, टेपला एक चापटही दिली. शेवटी बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि मागून वाकून पाहिलं. "अगं पदवीधर, इकडूनही आउट, तिकडूनही आउट. दोघंही बोलतायत, ऐकणार कोण?" आतून आई म्हणाली, "कुणाबद्दल चाललंय?" बाबांनी अ‍ॅम्प्लिफायरकडची टोकं काढून 'इन'मध्ये खोचली, आणि पुन्हा चुकायला नको म्हणून त्यांना लाल दोरा गुंडाळून बटणाला मारतात तशी गाठ मारली.

आधी नुसती खरखर आली. मग तू. चौथी-पाचवीतला, नाकातून बोलणारा. "ठळक बातम्या. शिंप्याची कात्री पुन्हा हरवली. संशय शिंपिणीवर." आई पदराला हात पुसत बाहेर आली. बाबा इतके हसले की बाही उलटी जोडून बसले, आणि ती उसवता उसवता म्हणाले, "आवाज वाढव." मग म्हणाले, "परत लाव." निजायच्या आधी मला म्हणाले, "त्याला सांग, झकास वाजतोय."

त्याला सांग. बाबांना सांग. दादा, तुमचा किती मजकूर माझ्यातून गेलाय. तू कळवतोस, गोळ्या वेळेवर घ्यायला सांग. ते कळवतात, रात्री जागू नको म्हणावं. मी वर पदरचा मीठमसाला घालते. तुझं नुसतं "बरं" मी "फार काळजी करतो हो तो" असं करून पोचवते. घर मी जोडून ठेवलंय असं मला वाटायचं, थोडी ऐटही होती त्याची. त्या लाल दोऱ्याकडे बघताना लक्षात आलं, की मी मध्ये आहे तोवर तुम्हा दोघांनाही 'इन' व्हायची गरजच नाही.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू लगेच म्हणाला असतास, "बाबांना सांग." आता सांगायला मी तिथं नाही. डोंगरापलीकडच्या एका शाळेची नोकरी घेतली आणि काल रुजू झाले. हे तिथल्या खोलीत, खिडकीशी बसून लिहितेय. समोर मैदान आहे आणि मुलं माझ्या चालण्याची नक्कल करतायत. आईला सगळं ठाऊक आहे, तीच म्हणाली, "जा, बघू दे त्यांचं त्यांना." तुमच्यात आधी कोण बोलेल, याचंही उत्तर माझ्याकडे नाही. निघताना एवढंच केलं: बाबांच्या फोनच्या पहिल्या बटणावर तुझा नंबर लावला आणि त्या बटणाला लाल दोऱ्याचा तुकडा चिकटवून आले.

तुझीच,
मधून निघालेली वायर