गुरुवारचा शिवण क्लास

३ जुलै, गुरुवार

नाव मिळालं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं. मराठीत विचारलं तर म्हणाले, व्यक्तिमत्त्वाचा विकार. म्हणजे मीच की. ताप आला तर ताप उतरतो. मी कुठे उतरू?

म्हणाले, भावना तुला दुसऱ्यांपेक्षा फार जोरात येतात. माणूस सोडून जाईल ही भीती सतत असते, म्हणून तू आधीच भांडून मोकळी होतेस. तीन नोकऱ्या, मोडलेलं लग्न, सगळ्या मैत्रिणी. पाऊण तासात ओळखलं. घरच्यांना एकोणतीस वर्षांत कळलं नाही. त्याचाच राग आला, बरोबर बोलले याचा.

गोळ्या थोड्याच. खरा उपचार बोलण्याचा, दर गुरुवारी भंडाऱ्याला, समुपदेशक मॅडमकडे. आणि या महिन्यात एकदा तरी घरचं माणूस सोबत हवं. मी पेटले की काय करायचं, ते त्यांनाही शिकावं लागेल म्हणे. एकटीनं होणार नाही.

कोण येणार?

४ जुलै

घरी सांगितलं. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आई म्हणाली, "नितेशचं जुळू दे, मंग सांग साऱ्या दुनियेले."

भावासाठी लाखनीकडची मुलगी बघितली आहे. त्यांना कळलं की नणंद डोक्याच्या डॉक्टरकडे जाते, तर नाही म्हणतील. आईचं गणित सोपं आहे. त्यात मी कुठेच नाही.

ताट फेकलं. भिंतीवर वरण. मीच पुसलं.

१० जुलै, गुरुवार

मॅडमकडे पहिला दिवस. एकटी गेले. माझ्याच वयाच्या असतील. राग चढला की गार पाण्यात हात घाल, आकडे मोज, मग ठरव. मी म्हटलं, एवढंच? त्या म्हणाल्या, एवढं आधी करून दाखव. वही लिही, हेही त्यांचंच. दाखवणार नाही म्हटलं. नको दाखवू म्हणाल्या. बाई आवडली, म्हणजे आता हिच्याशीही कधीतरी भांडेन.

घरी आले तर शेजारची शेवंतामावशी ओट्यावर, हातात ब्लाऊजपीस. "शिवण क्लास लावला म्हणे भंडाऱ्यात. माया एक शिवून दे, हात बसन तुया."

आईनं गावभर सांगून ठेवलं आहे. मला सुईत दोरा ओवता येत नाही.

१३ जुलै

चार ब्लाऊजपीस झाले. दोन मापासकट. एकीला मागून डोरी पाहिजे. आईनं सगळे पेटीत टाकले. पवनीत टेलरकडून शिवून आण, तूच शिवले म्हणून सांगू, असं म्हणाली. इतक्या शांतपणे की मला हसूच आलं. मी विकारवाली, आणि घरात शहाणी ही!

१७ जुलै, गुरुवार

पुन्हा एकटी. मॅडमनं विचारलं, पुढच्या वेळी? मी म्हटलं, बघू. स्टँडवर नितेशला फोन केला. तो म्हणाला, "ताई, माझं होऊन जाऊ दे, मग येतो ना मी. आता नको वो."

फोन फेकला नाही, पर्समध्ये ठेवला. लिहून ठेवते, कारण न फेकलेला फोन कोणाला दिसत नाही.

२२ जुलै

आमच्या बांधीत धानाचा रोवणा. झेरॉक्सच्या दुकानातून सुट्टी घेतली. आठ बाया एका रांगेत, प्रत्येकीची आपली पात, रोवत रोवत मागं सरकायचं. शेवंतामावशी माझ्या डाव्या हाताला, आई टोकाला. गप्पा शिवणावर आल्या. क्लासमध्ये कटिंग शिकवलं का, एकीनं विचारलं. आईच बोलली, "शिकून राहिली ना, बाह्या झाल्या आता."

बाह्या! माझ्याच्यानं राहवलं नाही.

"मी शिवण क्लासले जात नाही. मले मनाचा आजार आहे, त्याच्या इलाजाले जातो. आईले लाज वाटते म्हणून क्लास सांगते."

सगळ्यांचे हात थांबले. आई खालीच बघत म्हणाली, "काहीबी बोलते थे. उन्हानं झालं." ऊन नव्हतंच. मी हातातली पऱ्ह्यांची पेंडी, सगळी रोपं चिखलात आपटली आणि निघाले. आता परत जायचं नाही, कुणाकडेच, असं म्हणत बोडीपर्यंत गेले. तळ्याच्या पाण्यात हात घातले. दहापर्यंत मोजून काही झालं नाही. दोनशेपर्यंत मोजले.

कोणी रांग सोडून गेलं की बाजूच्या बाया तिची पात वाटून घेतात आणि रांग चालू राहते. नेहमीचंच आहे. म्हणून चपला घ्यायला परत आले तर समजेना. सगळ्या दूर मागे सरकलेल्या, दोन्ही बाजूंनी हिरवं, आणि मध्ये माझी पात कोरी. नुसतं पाणी.

मावशी वर न बघता म्हणाली, "तुयी पात कोणी रोवली नाही. ये, धर. आन माया कपडा परत दे."

एकटीनं सगळी पात भरली. कंबर मोडली. रडत होते, पण हात चालू होते. मला टाकलं नाही त्यांनी. आईनं एकदाही मान वर केली नाही.

२४ जुलै, गुरुवार

कंबर धरली, भंडारा चुकला. मॅडमला फोनवर सांगितलं. आई दोन दिवसांपासून बोलत नाही. लाखनीकडून फोन येईल म्हणून मोबाइल मांडीवर घेऊन बसते. अजून आला नाही.

खरं बोलले याची लाज नाही. मुळीच नाही. आईला आठ जणींत उघडं पाडलं, याची आहे.

ब्लाऊजपीस परत केले. डोरीवालीनं दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, त्या मॅडमचा वार कोणता? सुनेसाठी.

३१ जुलै, गुरुवार

महिन्याचा शेवटचा. सकाळी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, मी चालले. कोणी ओ दिली नाही.

पवनीला बस बदलली तर आई बसमध्ये! माझ्या पुढे तीन सीट सोडून, तोंडाला पदर. कधी निघाली देव जाणे. तिकीट वेगळं काढलं. मागे वळून बघितलं नाही. अंगाचा भडका झाला. आली तीही चोरून! मधेच उतरून जावं, बसू दे तिला एकटीला. बाटलीतलं पाणी हातावर ओतलं. शेजारची बाई सरकून बसली. उतरले नाही.

दवाखान्यापर्यंत ती वीस पावलं मागे. बाकावर ती त्या टोकाला, मी या. मॅडमनं दार उघडून विचारलं, सोबत कोणी आलंय? मी का म्हणून बोलू?

आई उठली. पदर सारखा केला.

"मी इच्या गावची आहो."

मॅडमनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, चालेल, गावच्या बाईंशी आधी बोलते. आई आत गेली. दार लागलं.

वीस मिनिटं झाली. बाकावर बसून लिहिते आहे. आतून आईचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मधे एकदा थांबला, पुन्हा सुरू झाला. आत ती माझी कोण म्हणून बोलून राहिली, माहीत नाही.