कोरडी पिकदाणी

लुगू, १८ नोव्हेंबर

प्रिय आ-तेक,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. थंडी पडली आहे, दुपारीच धुकं उतरतं. हिवाळी चहा यंदा फार छान आलाय. तुझं कॉफीचं दुकान चालत असेलच. ताइनानच्या लोकांना चव कुठली?

मागे कळवलं होतं की माझी हृदयाची तपासणी चांगली आली. शिरेतून किरणोत्सारी औषध सोडतात, हृदयावर ताण आणायला दुसरं औषध देतात आणि रक्त कुठे पोचतं, कुठे नाही याचे फोटो काढतात. फोटो बघून डॉक्टरीणबाई खूश होत्या. चढावर छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं, ते मात्र थांबलं नाही.

चहा भाजायला कोळसा यंदा लोंगानच्या लाकडाचा मिळालाय. स्पर्धेच्या चहाची शेवटची भाजणी तेवढी राहिली आहे.

तर झालं असं. तपासणीच्या आदल्या दिवसापासून चहा बंद ठेवायला इस्पितळाने सांगितलं होतं. नर्सने विचारलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं की थेंबही घेतला नाही. त्या सकाळी भाजणीचे नमुने चाखले होते, पण चाखून पिकदाणीत थुंकायचं, ते आपल्यात कुणी पिण्यात धरतं का? बाबा तापातही चाखायचे.

तुझ्या वहिनीने नंतर पिकदाणी घासायला घेतली, तर ती कोरडी. चाखलात तर थुंकलात कुठे, असं तिने विचारलं आणि मला कबूल करावं लागलं. एकही घोट थुंकवला नाही रे, चहाच तसा आहे. तिने तिथल्या तिथे इस्पितळात फोन लावला. पोटात चहा असला की ते ताणाचं औषध लागू पडत नाही म्हणे, आणि आजारी हृदयही धडधाकट दिसतं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. काकांना परत आणा आणि वाटेत चाखू देऊ नका, एवढंच म्हणाल्या.

परत गेलो. इस्पितळाबाहेर भाजलेली रताळी मिळतात. वहिनीने दोन घेतली, दोन्ही न खाता तशीच घरी आली.

या वेळी ताण दिल्यावर निम्म्याहून जास्त हृदय काळं दिसलं. विश्रांतीच्या फोटोत तिथे उजेड होता, म्हणजे स्नायू अजून जिवंत आहे, वाचेल. मग नळी घालून पाहिलं. तिन्ही रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत. छाती उघडावी लागणार.

मी म्हटलं, आधी स्पर्धा होऊ द्या. बाई म्हणाल्या, "स्पर्धेपर्यंत तुम्ही असाल असं मी लिहून देणार नाही."

घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "चहाला दुसरा भाजणारा आहे. मला दुसरा नवरा नाही."

तो दुसरा कोण, हे मी विचारलं नाही. आपलं भाजणीवरूनच वाजलं आणि तू हा घाट परत चढला नाहीस. माझीही हाक मारायची हिंमत झाली नाही. आता मारतो आहे. सोमवारी मला भरती व्हायचं आहे. घरात नीट बसवत नाही, उठतो, भट्टीपाशी जातो, परत येतो. मला फार भीती वाटते, आ-तेक.

निखारे राखेखाली झाकून ठेवले आहेत. ते विझायच्या आत ये. भाजणी तुझ्या मनाने कर, मी मध्ये बोलणार नाही. मला चाखायची मनाई आहे, तेव्हा माझ्या वाटचंही तूच चाख, आणि पिकदाणी जवळ घेऊ नकोस.

फाटकाकडे डोळे लावून बसलेला,
तुझा दादा