दुसरा थर

१ फेब्रुवारी, सोमवार
पोचलो एकदाचा! अकरा वर्षं शाळेतल्या पोरांकडून प्रार्थना घोकून घेतल्या, आता चाळिशीच्या तोंडावर स्वतःचा गळा मोकळा करायला निघालोय. हेडमास्तर म्हणाले, वेड लागलंय तुम्हाला. लागू दे.

स्टुडिओ म्हणजे बंद पडलेला बर्फाचा कारखाना. भिंती हातभर जाड, बाहेरचं चिटपाखरू ऐकू येत नाही. वर माझी खोली आहे. लोखंडी खाट, एक टेबल, आणि खिडकी, जिच्यातून समोरची भिंत फार सुंदर दिसते. खाली तिघं आहेत. गाणी लिहिणारा गिटारवाला, त्याला मी मनात दाढी म्हणतो, कारण त्याच्याकडे बघितलं की आधी तीच दिसते. ड्रमवाली, जी हसत नाही. आणि रेकॉर्डिंग करणारे काका, ज्यांच्या चष्म्याची काडी चिकटपट्टीवर तगून आहे.

ताईला फोन केला. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, तेव्हापासून ताईनंच मला वाढवलं. माझं म्हणावं असं माणूस तेवढं एकच. रेकॉर्ड झाली की पहिली तिलाच ऐकवायची.

३ फेब्रुवारी, बुधवार
सात गाण्यांत मिळून एकच गोष्ट आहे. लोहकंठ नावाचा योद्धा, ज्याच्या नुसत्या आरोळीनं किल्ल्यांचे दरवाजे निखळतात. एका दरीत त्याच्या आरोळीला प्रतिध्वनी येतो, तो थांबतच नाही, त्याच्याबरोबर लढाईवर निघतो. सैन्य विचारतं, दुसरा आवाज कुणाचा? लोहकंठ म्हणतो, दोन्ही माझेच. तिथून त्याचे वाईट दिवस सुरू. सहाव्या गाण्यात त्याच्या घरची माणसं प्रतिध्वनीला दार उघडतात आणि हा बाहेर राहतो. सातवं अजून लिहायचंय. बासरी, व्हायोलिन आधीच रेकॉर्ड करून ठेवलंय, त्यावर गिटारचा गडगडाट, आणि मधे मी, घशातून दगड घासल्यासारखा ओरडत. मजा येतेय बुवा.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
इथली पद्धत अशी की प्रत्येक ओळ दोनदा गायची. पहिला थर, मग त्यावर दुसरा, श्वासाला श्वास जुळवून. तेव्हा कुठे एका गळ्यातून पलटण ओरडल्यासारखं वाटतं. काका म्हणाले, पहिला कुणीही गातो, खरा गवई दुसऱ्या थराला कळतो. माझा दुसरा थर सतरा वेळा चुकला. घसा सोलून निघालाय. जेवताना तिघं आपसात बोलत होते, मी मीठ मागितलं तेवढंच.

८ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी खाली गेलो तर काका खूश. दुसऱ्या गाण्याचा दुसरा थर अप्रतिम झालाय, केव्हा गायलात? मी गायलोच नव्हतो! ऐकला. आवाज माझाच, वरच्या सुराला घोगरा होतो तोसुद्धा. नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ड्रमवालीनं पाठीवर थाप मारली. हसली चक्क. मग मी म्हटलं, पहाटे उरकून टाकला.

दुपारी तिघांनी मला मधे बसवून जेवायला घातलं. एवढ्याशा थापेनं कुणाचं काय बिघडतं?

११ फेब्रुवारी, गुरुवार
आता रोजच दुसरा थर आयता मिळतो. काकांना वाटतं, मी लवकर उठून गातो. वाटू दे.

एक गोष्ट मात्र आज लक्षात आली. दोन्ही थर एकत्र ऐकताना दुसरा माझ्या आधी श्वास घेतो. पाव सेकंद आधी. म्हणजे मागून मीच गातोय.

१३ फेब्रुवारी, शनिवार
दुपारी ताईला फोन लावला. म्हणाली, सकाळी तासभर बोललो की आपण. मी आईबद्दल बोललो म्हणे, रडलो म्हणे. आई गेली त्या दिवशी तू खेळत होतास, म्हणून इतकी वर्षं मनाला लावून घेतलंस होय रे? असं म्हणाली. पहिल्यांदा मोकळा झालास, बरं वाटलं.

त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाशी चकार शब्द बोललेलो नाही. हूं हूं करून फोन ठेवला. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण हेवा जास्त वाटला.

१६ फेब्रुवारी, मंगळवार
काकांना सगळं खरं सांगून टाकलं. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही. त्यांनी दुसरा थर बंद करून पहिला लावला. नुसती खरखर. पुन्हा लावला. खरखर. सहा गाणी, एकाही ओळीत मी नाही.

काका कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाले, "हा रिकामा ट्रॅक कुणी ठेवलाय?" आणि पुसून टाकला.

१८ फेब्रुवारी, गुरुवार
माझं ताट वाढलं नाही. मागितलं — मला वाटतं मागितलं. कुणी वर बघितलं नाही. दाढी मी गातो त्या काचेच्या खोलीकडे बघून सातव्या गाण्याबद्दल बोलत होता, मधेच हसत होता. आत कुणी नाही. मी दोनदा जाऊन बघितलं.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार
ताईला फोन. "कोण बोलतंय? आवाज येत नाहीये." — पाच वेळा. मग एंगेज. तासभर एंगेज. कुणाशी बोलते, ते मला माहीत आहे —

ती उद्या येतेय. दाढी ड्रमवालीला सांगत होता. मला बघितल्यावर तरी —

२० फेब्रुवारी, शनिवार
आली. दार मीच उघडलं. ताई म्हटलं. ओठ हलले, बाकी काही नाही.

"माझा भाऊ इथं गातो," ती म्हणाली, "तुम्ही ओळखत असाल त्याला."

ही वही पुढे केली. मोठ्या अक्षरात लिहिलं — ताई, मी आहे, आतला तो मी नाही. तिनं नीट वाचलं. वही परत दिली, सावकाश, परक्या माणसाला देतात तशी.

"अक्षर अगदी त्याच्यासारखं आहे हो तुमचं."

आतून त्यानं हाक मारली. ताईचा चेहरा असा उजळला — मला बघून कधी —

ती आत गेली, दार लावून घेतलं. मी बाहेर कान लावून बसलोय. तो परत तेच सांगतोय, खेळत होतो म्हणून. ती म्हणते, लहान होतास रे, सोड.

खोटं आहे. त्याला माहीतच नाही. ताई, मी खेळत नव्हतो. मी घरातच होतो. आई हाका मारत होती, आणि मी दाराआड उभा राहून मुद्दाम —